सायकॉलॉजीत एमए, एमफिल, पीएचडी करायचीय, पण पैशाचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून-जुलै आला की हेच प्रश्न फिरून फिरून येतात, कधी मुलांकडून, कधी त्यांच्या आईबाबांकडून, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. महाराष्ट्रात शिकणारी मुलं डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, गोवा आणि परदेश शेवटी थोडक्यात. सरकारी योजनांच्या अटी आणि तारखा दर वर्षी हलतात, तेव्हा फॉर्म भरताना त्या वर्षीची सूचना उघडून बघाच.

सायकॉलॉजीसाठी अशी खास स्कॉलरशिप असते का?

नाही, म्हणजे एमए लेव्हलला तरी जवळजवळ नाहीच. सरकारला तुम्ही फ्रॉइड वाचताय की भूगोल, याच्याशी काही घेणंदेणं नाही, तीन गोष्टी बघतात: तुमचा प्रवर्ग, घरचं उत्पन्न आणि तुमचा कोर्स त्यांच्या यादीत कुठल्या खान्यात बसतो. तिसरी गोष्ट कोणी विचारतच नाही आणि तिथेच सगळे अडकतात. एमए सायकॉलॉजी हा सरकारी भाषेत 'बिगर-व्यावसायिक' कोर्स, इंजिनिअरिंग किंवा एमबीएसारखा व्यावसायिक नाही. त्यामुळे पेपरात मोठ्या अक्षरात येणाऱ्या अर्ध्या घोषणा आपल्याला लागू होत नाहीत.

आणि दुसरं, फक्त एमएच्या दोन वर्षांचा हिशोब करू नका. पुढे क्लिनिकल करायचं की काउन्सेलिंग की पीएचडी, हे आत्ता धूसर का असेना पण ठरवा, कारण या विषयात खरा खर्च एमएनंतर येतो आणि खरा सरकारी पैसाही एमएनंतरच येतो. एमएलाच सगळी एफडी मोडून बसलेली मुलं नंतर क्लिनिकलच्या फीला हात टेकतात.

एमएचा खर्च साधारण किती धरू?

विद्यापीठाच्या डिपार्टमेंटमध्ये किंवा अनुदानित कॉलेजात फी काही हजारांत आटोपते. प्रायव्हेट किंवा डीम्ड विद्यापीठात तोच कोर्स वर्षाला लाख-दीड लाख, कधी त्याच्याही वर जातो. पण फी हा एक भाग झाला. पुण्या-मुंबईत रूम, मेस, प्रवास हे फीच्या दुप्पट होतं. शिवाय सायकॉलॉजीचे म्हणून वेगळे खर्च असतात जे प्रॉस्पेक्टसमध्ये कोणी छापत नाही: टेस्टच्या रेकॉर्ड शीट आणि जर्नल, फील्ड व्हिजिट, वर्कशॉप, डेझर्टेशनचं टायपिंग-बाइंडिंग, काउन्सेलिंगला असाल तर स्वतःची थेरपी आणि सुपरव्हिजन. यातली थेरपी महाग आहे, आणि तिला कुठलीही स्कॉलरशिप नाही. काही संस्थांमध्ये विद्यार्थ्यांसाठी कमी फी लावतात, थेरपिस्टला सरळ विचारा, विचारण्यात कसला कमीपणा.

महाडीबीटीवर आम्हाला नक्की काय मिळू शकतं?

महाडीबीटी म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्त्यांचं ऑनलाइन पोर्टल. अनुसूचित जातीसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत हवं. त्याच्या वर गेलात तर शिक्षण फी-परीक्षा फीची वेगळी योजना आहे, तिला सगळे फ्रीशिप म्हणतात. अनुसूचित जमातीसाठी आदिवासी विकास विभागाची तशीच मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. ओबीसी, व्हीजेएनटी (भटके-विमुक्त), एसबीसी (विशेष मागास) यांच्या योजना इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडून येतात आणि तिथे नॉन-क्रिमी लेयर सर्टिफिकेट लागतं. दिव्यांगांसाठी वेगळी आहे, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट हवं.

एससी मॅट्रिकोत्तरमध्ये एक गोष्ट २०२१ नंतर बदलली ती लक्षात ठेवा. खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा, आणि केंद्राचा वाटा थेट तुमच्या खात्यात येतो. त्यात कॉलेजची फी पण असते! पैसे आले म्हणून मोबाइल घेतला आणि मग कॉलेजने फीसाठी रिझल्ट धरून ठेवला, असं होतं. आलेल्या पैशातली फी लगेच भरा आणि पावती जपून ठेवा.

अॅडमिशन घेण्याआधी एक काम मात्र करा, त्याला दहा मिनिटं लागतात. महाडीबीटीच्या फॉर्ममध्ये कॉलेज आणि कोर्स निवडायची यादी असते, त्या यादीत तुमचं कॉलेज आणि नेमका तुमचा कोर्स दिसतो का ते बघा, किंवा तिथल्या सीनियरला विचारा की बाबा तुला मिळाली का. 'आमच्याकडे सगळ्या स्कॉलरशिप आहेत' असं अॅडमिशन काउंटरवर सगळेच सांगतात. स्वयंअर्थसहाय्यित कोर्स आणि प्रायव्हेट विद्यापीठ असेल तर हे दोनदा तपासा.

मी ओपनमधून आहे, मला काहीच नाही का?

आहे, पण थोडं. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना बघा, बोलताना सगळे ईबीसी म्हणतात. ती मुख्यतः व्यावसायिक कोर्सवाल्यांच्या उपयोगाची आहे, आपल्याला किती लागू होते हे कॉलेजवर आणि कोर्सवर ठरतं, म्हणून परत तेच, यादी तपासा. उच्च शिक्षण विभागाची एकलव्य शिष्यवृत्ती खास पीजीवाल्यांसाठी आहे, वर्षाला ५,००० रुपये, आर्ट्सला पदवीला ६० टक्के आणि सायन्सला ७० टक्के लागतात. पण उत्पन्नाची मर्यादा ७५,००० रुपये! वर्षाची! आजच्या काळात शेतमजुराच्या घरातही दोघं राबत असतील तर त्याच्या वर जातं, त्यामुळे पात्र असणारे कमीच, पण असाल तर सोडू नका.

मुलींना फी माफ झाली ना २०२४ पासून? मग एमएला पण लागू आहे ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. जुलै २०२४ चा निर्णय असा आहे की ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ, पण व्यावसायिक कोर्सला. एमए सायकॉलॉजी त्यात धरून घराचं बजेट बसवू नका. बीएड करून मग शाळेत काउन्सेलर व्हायचं असा विचार असेल तर बीएड व्यावसायिक आहे, तिथे चौकशी करा.

कागद कोणते लागतात?

तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला आणि काही ठिकाणी जात वैधता, नॉन-क्रिमी लेयर, रेशन कार्ड, मागच्या मार्कशीट, बोनाफाइड, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, अॅडमिशनची पावती. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्येच नवीन काढून ठेवा, सेतूत जुलैमध्ये जी रांग लागते ती बघवत नाही. घरबसल्या आपले सरकार पोर्टलवरनं पण निघतो.

आणि आधार बँकेला लिंक आहे एवढं पुरत नाही. डीबीटी म्हणजे थेट खात्यात येणाऱ्या सरकारी पैशासाठी आधार ज्या खात्याला 'मॅप' केलंय तिथेच पैसे जातात, फॉर्ममध्ये तुम्ही कुठलाही अकाउंट नंबर टाका. खूप मुलांचं मॅपिंग आईच्या आग्रहाने लहानपणी उघडलेल्या कुठल्यातरी गावच्या खात्याला असतं जे आता बंद पडलंय. बँकेत जाऊन विचारा, आधार सीडिंग कुठल्या खात्याला आहे.

अर्ज 'सेंट बॅक' दाखवतोय, म्हणजे रिजेक्ट झाला का?

नाही. दुरुस्तीसाठी परत आलाय. काय चूक आहे ते रिमार्कमध्ये लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा अस्पष्ट स्कॅन, नावाच्या स्पेलिंगमधला फरक, नाहीतर मागच्या वर्षीचा उत्पन्नाचा दाखला. नीट करून मुदतीत पुन्हा सबमिट करायचं. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग विभागाकडे. कॉलेजच्या क्लार्ककडे पडून राहणारे अर्ज खूप असतात, तर आठवड्यातनं एकदा गोड बोलून आठवण करा, भांडू नका, त्या एका माणसाकडे पाच-सहाशे अर्ज असतात. मंजूर झाल्यावरही लॉगिन करून बघत राहा, रिडीमचं बटण आलं आणि ते दाबलंच नाही म्हणून पैसे लटकलेले लोक मी पाहिलेत.

रूम आणि मेसचा खर्च कोण देतं?

इथे मात्र बऱ्यापैकी मदत आहे आणि लोकांना माहीतच नसते. आधी सरकारी वसतिगृहाला अर्ज करायचा. तिथे जागा मिळाली नाही तर एससी आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत, इतर महापालिकांच्या ठिकाणी ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. एसटीसाठी अशीच पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, आणि ओबीसी-व्हीजेएनटीसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. ज्या गावात शिकताय तिथलेच रहिवासी असाल तर मिळत नाही, बाहेरून आलेलं असावं लागतं. अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, तो महाडीबीटीवरच दिसतो.

पैसे उशिरा येतात. खरंच उशिरा येतात, पहिला हप्ता वर्ष संपत आल्यावर आला तरी आश्चर्य वाटून घेऊ नका. म्हणजे डिपॉझिट आणि पहिल्या तीन-चार महिन्यांची सोय तुम्हालाच करावी लागणार.

पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती आहे, १९५५ पासून खेड्यातनं येणाऱ्या मुलामुलींसाठी स्वस्तात वसतिगृहं चालवते. जागा मर्यादित, मुलाखत होते, तिथे राहून थोडं कामही करावं लागतं, पण सोबत चांगली मिळते.

केंद्र सरकारची महिना १५,००० वाली कुठली?

यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची नॅशनल स्कॉलरशिप फॉर पोस्ट ग्रॅज्युएट स्टडीज. पूर्वीच्या एकुलत्या एक मुलीसाठीच्या आणि रँक होल्डरच्या वगैरे वेगवेगळ्या पीजी स्कॉलरशिप होत्या, त्या एकत्र करून ही केली. देशभरात १०,००० जागा, महिना १५,००० रुपये, वर्षातले दहा महिने, दोन वर्षं. म्हणजे पूर्ण कोर्सचे तीन लाख, आर्ट्सच्या मुलाला एमएला इतके पैसे दुसरीकडे कुठे मिळत नाहीत. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, पहिल्या वर्षात असतानाच करायचा, पदवीच्या मार्कांवर मेरिट लागतं, वय ३० च्या आत. डिस्टन्सवाल्यांना नाही. त्या पोर्टलवर आधी ओटीआर म्हणजे वन टाइम रजिस्ट्रेशन करावं लागतं, ते शेवटच्या दिवशी करायला बसू नका, सर्व्हर झोपलेला असतो. टीवायला चांगले मार्क असतील तर हा फॉर्म भराच भरा, आपल्याकडची मुलं 'आपल्याला कुठे मिळतंय' म्हणून भरतच नाहीत.

शिकता शिकता कमवता येईल का?

येईल. विद्यापीठांत आणि बऱ्याच कॉलेजांत कमवा व शिका योजना आहे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ती कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालते. लायब्ररी, ऑफिस, बाग, रोज दोन-तीन तास काम आणि तासावर पैसे. श्रीमंत होणार नाही पण मेसचं बिल निघतं.

बाहेर सायकॉलॉजीच्या मुलांना सगळ्यात सहज मिळणारं काम म्हणजे शॅडो टीचर, मुंबई-पुण्याच्या शाळांत ऑटिझम किंवा एडीएचडी असलेल्या मुलासोबत वर्गात बसायचं, पगार बहुतेक वेळा पालक देतात. काम दमवणारं आहे पण चाइल्ड सायकॉलॉजीचं जे पुस्तकात कळत नाही ते इथे कळतं. याशिवाय रिसर्च प्रोजेक्टवर डेटा गोळा करणं, बीएच्या मुलांच्या शिकवण्या, टेस्ट स्कोअरिंग. एक मात्र करू नका, एमएच्या पहिल्या वर्षाला असताना इन्स्टावर पेज काढून पैसे घेऊन 'थेरपी' द्यायला लागू नका. पैशाची गरज कितीही असो, समोर माणूस असतो.

इंटर्नशिपसाठी आमच्याकडूनच पैसे मागतात, द्यायचे का?

या विषयातला हा एक वेगळाच धंदा झालाय. 'एक महिना ऑनलाइन इंटर्नशिप, फक्त २,९९९, सर्टिफिकेट आणि एलओआर (शिफारसपत्र)'. झूमवर पन्नास जणं, कॅमेरे बंद, पीपीटी वाचून दाखवणार. अशाला माझं उत्तर सरळ नाही असं आहे. चांगल्या हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागातही ऑब्झर्व्हरशिपची फी असते, तिथे पेशंट बघायला मिळतात, केस लिहायला शिकवतात, सुपरव्हायझर नावानिशी माहीत असतो, तर ती फी समजण्यासारखी आहे. देण्याआधी मागच्या बॅचच्या कोणाशी तरी बोला. सरकारी मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग किंवा येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं, इथे कॉलेजचं पत्र घेऊन जाऊन विचारून बघा. हेलपाटे पडतात, पण शिकायला मिळतं ते वेगळंच.

एज्युकेशन लोन मिळतं का? मॅनेजर म्हणतो सायकॉलॉजीला नोकरी काय लागणार.

मिळतं, पण मॅनेजरला समजवावं लागतं हे खरं. बँकांच्या मॉडेल स्कीमनुसार चार लाखांपर्यंत मार्जिन (खर्चातला स्वतःचा वाटा) नाही, तारण नाही. साडेसात लाखांपर्यंत सरकारच्या क्रेडिट गॅरंटीत बसत असेल तर तारण लागत नाही, त्याच्या वर घर-जमीन मागतात. आईवडील सहकर्जदार असतात, त्यामुळे वडिलांचं ट्रॅक्टरचं किंवा पर्सनल लोन थकलं असेल तर सिबिलवर दिसतं आणि तिथे गाडी अडते. कोर्स आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो, फेड १५ वर्षांपर्यंत. जाताना अॅडमिशन लेटर, फीचं स्ट्रक्चर आणि पुढे नेमकं काय करणार (शाळा काउन्सेलर, एचआर, क्लिनिकल) हे एका कागदावर लिहून न्या.

हिशोब मात्र स्वतः करा. समजा पाच लाख १० टक्क्यांनी एकदम घेतले. दोन वर्षं कोर्स आणि एक वर्ष सवलत, तीन वर्षांत साधं व्याजच दीड लाख होतं, म्हणजे फेड सुरू होईल तेव्हा साडेसहा लाख. दहा वर्षांत फेडायचं तर महिना साधारण ८,६०० रुपये. तेच शिकत असताना महिन्याचं व्याज, सुमारे ४,१७०, भरत राहिलात तर नंतरचा हप्ता ६,६०० च्या आसपास येतो. फ्रेशर काउन्सेलरचा पगार काय असतो हे आधी दोन-तीन सीनियरना विचारा आणि मग हा आकडा त्याच्या शेजारी ठेवून बघा. प्रायव्हेट विद्यापीठाच्या एमएसाठी आठ-दहा लाखांचं लोन काढायला मी तरी कोणाला सांगणार नाही, तोच पैसा क्लिनिकलच्या ट्रेनिंगला लागणार आहे.

फेडताना भरलेल्या व्याजावर आयकरात वजावट आठ वर्षं मिळते, फक्त जुन्या कर पद्धतीत. नवीन घेतली असेल तर विसरा.

पीएम विद्यालक्ष्मी आपल्याला चालेल का?

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली योजना आहे. विनातारण, विनाजामीन लोन, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांच्या लोनपर्यंत सवलतीच्या काळातल्या व्याजात ३ टक्के सूट. कोर्सपेक्षा इथे संस्था महत्त्वाची, एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या संस्थांच्या रँकिंगवरून सरकारने यादी काढलीय, तीत असेल तरच. मॅनेजमेंट कोट्याची अॅडमिशन चालत नाही. आणि व्याजाच्या सवलतीच्या जागा मर्यादित आहेत, सरकारी संस्था आणि टेक्निकल-प्रोफेशनल कोर्सवाल्यांना प्राधान्य, म्हणजे एमएवाल्यांनी लोन नक्की मागावं पण या सवलतीवर अवलंबून राहू नये. दुसरी सरकारी स्कॉलरशिप घेत असाल तर ही सूट नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचंय. एमफिल बंद झालं ना? आणि त्याची फी कुठून आणायची?

नीट वाचा, इथे खूप गोंधळ आहे. नुसत्या एमएवर तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेऊ शकत नाही, आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन लागतं आणि त्यासाठी आरसीआयची मान्यता असलेला कोर्स. यूजीसीने २०२२ च्या नियमांत एमफिल बंद केलं, पण क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन एमफिलना २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत मुदत वाढवून दिली. पुढे आरसीआयने एमए क्लिनिकल सायकॉलॉजी, सायडी (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) असे नवीन कोर्स आणलेत. तेव्हा कुठल्याही संस्थेत पैसे भरण्याआधी आरसीआयच्या वेबसाइटवर त्या संस्थेचं नाव, कोर्स आणि मान्यतेचं वर्ष, तिन्ही बघा. मान्यता संपलेली संस्था असेल तर सगळी फी पाण्यात.

पैशाचं म्हणाल तर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत किंवा रांचीच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ सायकियाट्रीत ट्रेनीला उलट स्टायपेंड मिळत आलाय, आणि प्रायव्हेट ठिकाणी तुम्हीच वर्षाला काही लाख भरता. शेवटी रजिस्ट्रेशन एकच! म्हणून एक वर्ष घरी बसून सरकारी संस्थांच्या एन्ट्रन्सचा अभ्यास केला तर ते वर्ष फुकट गेलं असं घरच्यांनी समजू नये. प्रायव्हेटची दोन वर्षांची फी वाचवणं ही सुद्धा कमाईच आहे, मावशी-काकू काय म्हणायचं ते म्हणोत.

जेआरएफ म्हणजे नक्की किती पैसे आणि कधीपासून?

यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत वरच्या गटात आलात तर ज्युनिअर रिसर्च फेलोशिप. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, मग सीनियर झालात की ४२,०००, घरभाडं आणि काँटिंजन्सी (संशोधनाचा किरकोळ खर्च) वेगळी. एकूण पाच वर्षांपर्यंत. सायकॉलॉजीचा विषय कोड ०४. पहिला पेपर ५० प्रश्न १०० मार्क, दुसरा १०० प्रश्न २०० मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न सोडायचा नाही. एमएच्या शेवटच्या वर्षाला असतानाच देता येते आणि तेव्हाच द्या, स्टॅटिस्टिक्स आणि थिअरीज डोक्यात ताज्या असतात. जेआरएफला वयाची अट ३०, मुलींना आणि राखीव प्रवर्गाला पाच वर्षांची सूट. नुसती परीक्षा पास झाली म्हणून पैसे येत नाहीत, कुठेतरी पीएचडीला अॅडमिशन झाल्यावर सुरू होतात, आणि अवॉर्ड लेटरची मुदत तीन वर्षं असते, त्यामुळे गाइड शोधायला लगेच लागा.

जेआरएफ नाही निघाली, तरी पीएचडी करायचीय.

मार्ग आहेत. आयसीएसएसआर म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची डॉक्टरल फेलोशिप आहे, महिना २०,००० आणि वर्षाला २०,००० काँटिंजन्सी, सायकॉलॉजी सामाजिक शास्त्रांत येत असल्याने चालते. राज्यात बार्टी एससीसाठी, सारथी मराठा-कुणबीसाठी, महाज्योती ओबीसी-व्हीजेएनटी-एसबीसीसाठी फेलोशिप देतात, दर वर्षीच्या जागा मर्यादित आहेत आणि जाहिरात कधी येईल याचा नेम नाही, म्हणून तिन्ही वेबसाइट बघत राहायचं. एकुलत्या एक मुलींसाठी यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे. आयआयटींच्या मानव्यविद्या विभागांत सायकॉलॉजीत पीएचडी होते आणि टीचिंग असिस्टंटशिप मिळते. मौलाना आझाद फेलोशिप बद्दल अजून विचारतात, ती केंद्राने २०२२ मध्ये बंद केली.

एक पैसाही न मिळता पीएचडी करणारेही आहेत, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत, सात-सात वर्षं. जमत असेल तर करा, पण डोळे उघडे ठेवून.

खाजगी ट्रस्ट कुठले?

नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन पीजीसाठी बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती देतं, देशात आणि परदेशात दोन्हीकडे. ठाण्याचं विद्यादान सहाय्यक मंडळ गरजू मुलांना मदत करतं. शिवाय प्रत्येक ज्ञातीची, गावाची मंडळं असतात, त्यांच्याकडे दर वर्षी पैसे शिल्लक राहतात कारण कोणी अर्जच करत नाही. पाच हजार, दहा हजार मिळतात, पण दोन-तीन ठिकाणचे मिळून एका सेमिस्टरचं भागतं. कुठेही 'प्रोसेसिंग फी भरा म्हणजे स्कॉलरशिप मंजूर' असं म्हटलं की फोन ठेवा, ओटीपी तर कोणालाच नाही.

मी गोव्याची आहे.

मग महाडीबीटी तुमच्यासाठी नाही, ती महाराष्ट्राच्या डोमिसाइलवाल्यांची. तुमच्याकडे गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आहे आणि ती बँकेच्या लोनपेक्षा कितीतरी बरी, आधी तिथे जा. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल, नेट, आयसीएसएसआर हे सगळं तुम्हालाही आहेच.

परदेशात जायचंय, काय आहे?

मास्टर्सला फंडिंग कमी, पीएचडीला जास्त, हे आधी डोक्यात बसवा. अमेरिकेत सायकॉलॉजीच्या पीएचडीला बहुतेक चांगल्या विद्यापीठांत ट्युशन माफ आणि वर टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटचा स्टायपेंड असतो, पण क्लिनिकल पीएचडीला जागा हाताच्या बोटांवर. सायडी सहसा स्वतःच्या खर्चाने, म्हणजे कर्जाने. इंग्लंडचं क्लिनिकल डॉक्टरेट एनएचएस म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा पगार देऊन करून घेतं, पण ते मुख्यतः तिथल्याच लोकांसाठी. एक वर्षाच्या ब्रिटिश मास्टर्सला चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची स्कॉलरशिप आहे, २,८०० तासांचा कामाचा अनुभव मागतात आणि संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं.

आपल्याकडून जे. एन. टाटा एन्डोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती आहे, १८९२ पासून चालू, आणि के. सी. महिंद्रा ट्रस्टची बिनव्याजी. एससीसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप, १२५ जागा, तीत भटके-विमुक्त आणि भूमिहीन शेतमजुरांची मुलंही येतात. या ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये २०२२ पासून भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरच्या सामाजिक अभ्यासाचे विषय वगळलेत. म्हणजे जातीचा ताण आणि मानसिक आरोग्य असा विषय घेऊन गेलात तर अडकू शकतं, प्रपोजल लिहिताना गाइडशी यावर आधीच बोला.

भाऊ अमेरिकेत आहे, त्याची मुलगी तिथे सायकॉलॉजीत मास्टर्स करणार. तिला फाफ्सा भरता येईल का?

फाफ्सा म्हणजे अमेरिकन सरकारच्या शैक्षणिक मदतीचा फॉर्म. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर येईल, एच-४ म्हणजे नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावर असेल तर नाही. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांनाही नाही, त्यांना सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत कॅम्पसवरचं काम करता येतं, तेवढंच.

वय ३४, नोकरी चालू आहे, आता एमए करायचंय. मला काय?

स्कॉलरशिप फारशा नाहीत, खरं सांगते. इग्नूचं एमए सायकॉलॉजी डिस्टन्सने होतं, फी झेपण्यासारखी आहे आणि नोकरी सोडावी लागत नाही, फक्त प्रॅक्टिकल आणि इंटर्नशिपला रजा लागतात त्या आधीच वाचवून ठेवा. पुढे क्लिनिकल करायचं असेल तर त्या एन्ट्रन्सला कुठली डिग्री चालते ते त्या संस्थेला ईमेल करून लेखी विचारा, फोनवरचं उत्तर धरू नका. बाई असाल किंवा राखीव प्रवर्गात असाल तर जेआरएफला अजून वर्षभर आहे, एमएच्या शेवटच्या वर्षाला पोचेपर्यंत ते संपेल, पण नुसत्या नेटला म्हणजे असिस्टंट प्रोफेसरसाठी वयाची मर्यादाच नाही. कंपनीच्या एचआरला शिक्षणाच्या खर्चाची पॉलिसी आहे का विचारा, मोठ्या कंपन्यांत असते आणि सायकॉलॉजी एचआरच्या कामाची आहे हे पटवणं फार अवघड जात नाही.